कमेंट मी लिहिल्या होत्या

"मॅडम, हा माझ्या नातीचा फोटो हाय. खालचं कुणी लिवलंय?"

तात्यांनी फोन माझ्यासमोर धरला. मी चहाचा कप खाली ठेवला. खालचं सगळं मीच लिहिलं होतं.

सांगवीत आमच्या मालिकेचं शूटिंग चालू होतं. सोशल मीडियावर एका मुलीची टिंगल होते आणि त्यात तिचं अख्खं घर कसं होरपळतं, अशी गोष्ट. तात्यांचं घर आम्ही लोकेशन म्हणून घेतलं होतं. माझं काम स्क्रीन इन्सर्टचं. म्हणजे पात्राच्या हातातल्या फोनवर तुम्हाला जी पोस्ट, जो फोटो, ज्या कमेंट दिसतात, ते सगळं मी बनवते. नियम एकच, हे खोट्या ॲपवर करायचं, इंटरनेटला न जोडता.

तात्या फोन घेऊन आले त्याच्या दोन दिवस आधी ते खोटं ॲप काही केल्या उघडेना. हिरॉइनचे फोटोही मुंबईहून आले नव्हते. डायरेक्टर ओरडत होते, "लाइट जातोय, काहीतरी कर!" तात्यांची नात अनुजा तिथेच बसून शूटिंग बघत होती. मी तिला म्हटलं, "तुझा एक फोटो घेऊ का?" घरच्या मोठ्यांना विचारायचं सुचलंच नाही. ती अशी काही हसली, की मला इंदापुरातलं माझं ते वय आठवलं.

मी खऱ्या ॲपवर खातं उघडलं, तिचा फोटो आणि गावाचं नाव टाकलं आणि निरनिराळ्या नावांनी कमेंट लिहिल्या. 'ही आरशात बघते का?' 'हिच्यापेक्षा आमची शेळी बरी.' शॉट एका टेकमध्ये ओके झाला. मी खूश. खातं बंद करायचं मात्र विसरले.

अनुजा बारामतीला अकरावीत होती. तात्या फोन घेऊन आले त्या सकाळी एसटीत पोरांनी तिला बघून शेळीसारखा आवाज काढला. ती अर्ध्या वाटेतून परत आली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

"आता तिचं कॉलेज बंद," तात्या म्हणाले.

खातं मी तिथल्या तिथे डिलीट केलं. पण त्याचे स्क्रीनशॉट घरोघर पोचले होते. डायरेक्टर म्हणाले, "गप्प बस. लोक विसरतात. उलट फुकटची पब्लिसिटी झाली." माझं डोकंच फिरलं. मी तडक तात्यांकडे गेले.

"तात्या, चूक माझी आहे. गावाच्या ग्रुपवर माफी टाकते."

"ग्रुपवर नको. तितं निम्मी वाचत न्हाईत, निम्मी हसत्यात. उद्या सकाळी डेअरीवर या. समदं गाव दूध घालायला येतं. तितं सांगा."

"मग अनुजाला कॉलेजला पाठवाल?"

"आधी सांगा तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या किटल्यांच्या रांगेपुढे मी उभी राहिले. "त्या कमेंट मी लिहिल्या. पगार घेऊन लिहिल्या. पोरीचा काही दोष नाही."

रांगेतली एक म्हातारी पुढे आली. "म्हंजी ते शेळीचं तुमीच लिवलं व्हय?"

"हो."

"लाज न्हाय वाटली?"

"तेव्हा नाही वाटली. आता वाटते."

तिने मागे वळून मोटारसायकलवरच्या नातवाकडे बघितलं. "आन तू रं? शेळीवानी तूच वरडलास न्हवं?" तो खाली मान घालून किटली पुसत राहिला.

न्याहारीच्या वेळेपर्यंत गावभर झालं. पुढच्या दिवशी तात्या स्वतः अनुजाशेजारी एसटीत बसून बारामतीला गेले.

अनुजाचा फोटो नको म्हणून मी तो शॉट पुन्हा घ्यायला लावला. हिरॉइनचे फोटो अजून आलेच नव्हते, दुसरा फोटो हवा होता. मी इंदापूरला भावाला फोन करून माझा सोळाव्या वर्षीचा फोटो मागवला. दोन वेण्या, लाल रिबिनी, गळ्यात आईची चेन. तेव्हा वर्षाला एखादा फोटो निघायचा. स्टुडिओवाला दम भरायचा, "हलू नका." मग तो फोटो ट्रंकेत जायचा. त्यावर कुणाला काही बोलायचंच असलं तर घरी यावं लागायचं, आणि आईसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. किती निवांत दिवस होते ते!

या वेळी खोटं ॲप नीट चाललं. माझ्या फोटोखाली मी त्याच कमेंट टाकल्या, अगदी शब्द न् शब्द. वाचल्या आणि रडू आलं. पन्नाशीची बाई मी, स्वतःच लिहिलेलं वाचून रडत बसले.

तो भाग लागला तेव्हा अनुजाचा फोन आला. "मावशी, फोटोत तुमीच ना? हसण्यावरनं वळखलं. तात्या म्हणत्यात, पोरगी तर देखणी हाय, लिवणाऱ्याचे डोळे तपासून घ्या."

तपासून घेतले. आता कमेंट लिहायला बसले की आधी माझा तो फोटो स्क्रीनवर लावते. कमेंट कमी लिहून होतात. डायरेक्टर कुरकुर करतात, पण शॉट ओके होतो.