डच आई आणि मीठ-मोहऱ्या

कॅनबेरातल्या आमच्या गुंगालिन उपनगरात डॉक्टरीणबाईंच्या वेटिंग रूममध्ये एका जुन्या डच चित्राची प्रत लावलेली आहे. आईच्या मांडीवर आजारी पोर, पाय लुळे सोडलेले, शेजारी स्टुलावर पेजेचं भांडं न शिवलेलं. एरवी मी फोनमधून मान वर काढत नाही. त्या दिवशी माझी सहा वर्षांची लेक तापाने माझ्या मांडीवर अगदी तशीच पडली होती, म्हणून नीट बघितलं. आणि मला चित्रकाराचा रागच आला. अरे बाबा, पोर घोटभर काही घेत नाहीये आणि तू रंग कसले कालवत बसलायस!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "व्हायरल आहे. पण संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं नाही, तर सरळ इमर्जन्सीला न्या. ड्रिप लावावी लागेल."

घरी येऊन पेज केली, साखरपाणी केलं. लाडीगोडी लावली, मग ओरडलेसुद्धा. बाईसाहेब ओठ घट्ट मिटून. "नो, मम्मा." डोळे खोल गेलेले. हॉस्पिटलची बॅग भरायला घेतली, तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन.

"दृष्ट काढलीस का?"

एरवी मी वाद घातला असता. त्या दिवशी मुकाट्याने "काढते" म्हणाले.

मूठभर मीठ-मोहऱ्या, लाल मिरच्या लेकीवरून ओवाळल्या. आल्यागेल्याची, पै-पाहुण्याची, स्कूल पिकअपला भेटणाऱ्या झाडून सगळ्यांची दृष्ट जाऊ दे म्हटलं आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. कॅनबेराचा हिवाळा, दारं-खिडक्या बंद. व्हायचं तेच झालं. स्मोक अलार्म बोंबलायला लागला.

नवरा आतल्या खोलीतून ऑनलाइन मीटिंग सोडून धावत आला आणि खुर्चीवर चढून टॉवेल फिरवायला लागला. "अगं, फायर ब्रिगेड येईल! आणि ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच ना? तुझी आईच सांगते!"

"गप्प बस आणि खिडकी उघड!"

सोफ्यावरून खुदकन आवाज आला. लेक बाबाचा नाच बघून हसत होती. हसता हसता तिलाही ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिने हात पुढे केला.

"मम्मा, वॉटर!"

मी साखरपाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावला. घटाघट प्यायली गं माझी बाय! पेला रिकामा करून म्हणाली, "मोअर."

अलार्म अजून कोकलत होता. मी तिथेच कार्पेटवर बसले आणि ढसाढसा रडले.