दाजींचा अंगठा

पाण्यात कालवलेल्या कुंकवाचा वास आला की मला आजही थुंकावंसं वाटतं. आई हलताना-बोलताना दिसेल असं तिच्या शेवटच्या दसऱ्याचं तेवढंच चित्रीकरण होतं, तेही माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, दाजींच्या कॅमेऱ्यात. कॅमेऱ्याचा छोटा पडदा फुटलेला, म्हणून आई गेल्यावर आम्ही तो वडीगोद्रीच्या कॉम्प्युटर सेंटरात नेला. वायर बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी तो कॅमेऱ्याला ओळखच देईना. "मी दसऱ्याला कॅमेऱ्याची बराबर पूजा केल्ती, कॉम्प्युटरच भंगार हाये," दाजींचा तोरा. शेवटी मी वायरच्या खाचेत डोकावलो, तर आत कुंकवाचा वाळका लगदा, नैवेद्याची साखर आणि तिला चिकटून मेलेल्या मुंग्या. टाचणीनं ती घाण उकरली तेव्हा कुठं चित्र दिसलं. आरतीचं ताट घेऊन आई समोर आली, हसणार तोच दाजींचा ओला अंगठा भिंगावर टेकला आणि सगळं लाल झालं. मागून नुसता तिचा आवाज, "जावईबापू, त्याच्या डोळ्याला नका लावू, मंग त्याला दिसंल कसं?" दाजी खूश, "पाह्यलं? केल्ती का न्हाई पूजा!" यंदाच्या दसऱ्याला तोच अंगठा माझ्या मोबाईलकडं आला. मी मोबाईल खिशात घातला आणि अंगणात जाऊन थुंकलो.