पुलावरून जाणारा रस्सा

प्रोजेक्ट बंद पडतात, माणसं लेऑफ होतात, पण लंच-टेबलावरचे किस्से कोणी कमी करू शकत नाही. २००३ साली सनीव्हेलच्या आमच्या चिप कंपनीत आमचं तिघांचं टेबल होतं: पुण्याचा मी, नागपूरची उज्ज्वला आणि चीनमधल्या युनानचा लिन. किस्से ढीगभर साचलेत, पण आज फक्त नूडल्सचे!

* * *

लिनच्या गावाकडे 'पूल ओलांडणाऱ्या नूडल्स' असा एक पदार्थ असतो. त्याची कथा लिनने सांगितली. एक विद्वान तळ्यातल्या बेटावर राजदरबारच्या परीक्षेचा अभ्यास करत बसलेला. बायको लांबलचक पूल ओलांडून जेवण न्यायची, पण पोचेपर्यंत ते गार! एकदा कोंबडीच्या सूपवर तेलाचा जाड थर राहिला आणि सूप कढत पोचलं. तांदळाच्या शेवया तिने तिथेच त्यात सोडल्या.

"अरे, ही तर आपली तर्री!" उज्ज्वला ओरडली.

"कट म्हणतात त्याला," मी म्हणालो. पुणेकराला राहवत नाही.

मग तिने लिनला विचारलं, "तो नवरा पास झाला का पण?"

लिन गडबडला. "आमच्याकडे सगळे सूपचंच विचारतात!"

उज्ज्वलाच्या प्रश्नाला कारण होतं. तिचा नवरा प्रशांत नागपुरात चांगली प्रॅक्टिस असलेला डॉक्टर, पण इथली डॉक्टरकीची परीक्षा दोनदा नापास झालेला. पार्टीत कोणी "डॉक्टरसाहेब" म्हटलं की तो म्हणायचा, "डॉक्टर नागपुरात होतो. इथे मी उज्ज्वलाचा मिस्टर." या खेपेला नाही जमलं, तर दोघं परत जाणार होती.

* * *

पुढच्या पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या पार्टीला, लिनने त्या नूडल्स आणल्या. माझ्यापुढे सूपचा वाडगा आला. वाफ नाही, बुडबुडा नाही. बिचाऱ्याचं सूप गार झालं, असं वाटून मी तो गुपचूप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला.

स्फोट ऐकून सगळा मजला धावत आला!

लिनने आत डोकावून पाहिलं. "शिरीष, तेलाखाली ते आधीच उकळतं होतं. म्हणून तर ती बाई प्रसिद्ध झाली!"

मायक्रोवेव्ह मी पुसला. उज्ज्वला मात्र तेलाकडे टक लावून बघत होती.

* * *

दुसऱ्या दिवशी ती सावजी रश्शाचं पातेलं घेऊन लॅबमध्ये हजर! प्रशांत आठवडाभर फ्रीमाँटला एका मित्राच्या गराजमध्ये अभ्यासाला राहायचा, कारण घरी फ्रीज फार जवळ पडतो. रात्रीचं जेवण उज्ज्वला न्यायची. चिपचं तापमान मोजायचे सेन्सर आम्ही रश्शात सोडले, तर्री कमीजास्त करून पाहिली. बोटभर थराला रस्सा चांगलाच गरम राहिला.

प्रशांतने डबा उघडला आणि म्हणाला, "उज्ज्वला, मला परीक्षेला बसायचंय की अँजिओप्लास्टीला?"

"आधी पास हो. मग तेल बंद कर."

* * *

लिनने आईला फोन लावला. आईच्या कथेत बायको पुलावर चक्कर येऊन पडते, उठते, तरी सूप गरमच. मामाच्या कथेत तो विद्वान म्हणजे खुद्द मामाचे पणजोबा!

"खरंच?" मी विचारलं.

"आमच्या गावात प्रत्येक नूडल्सवाल्याचे ते पणजोबाच आहेत," लिन म्हणाला.

"आणि पास?" उज्ज्वला.

"आई म्हणते, इतकं चालून बायको येते म्हटल्यावर नापास व्हायची हिंमत कोणाची?"

* * *

सनीव्हेलहून फ्रीमाँटला पूल न ओलांडताही जाता येतं. उज्ज्वला मात्र उलट उत्तरेला वर जाऊन, खाडीवरच्या पुलावरूनच जायची. ट्रॅफिक असो, पाऊस असो.

"अगं, सरळ हायवेने जा ना!" मी वैतागून म्हणालो.

"मंग पूल कुठून आणू?"

इंजिनियर बाई! वाद घालण्यात अर्थ नव्हता. खरं सांगतो, तिची ती जिद्द बघून माझाही देवावर विश्वास बसायला लागला होता.

* * *

रिझल्टच्या दिवशी उज्ज्वला फोन बंद करून बसली. आम्ही तिघं लंच-टेबलावर, जेवत कोणीच नव्हतं. इतक्यात रिसेप्शनवरून निरोप आला आणि पाठोपाठ प्रशांत. फ्रीमाँटहून बसने आलेला, हातात डबा.

"मी केलाय," एवढंच म्हणाला.

निकालाचं विचारायची कोणाची छाती होईना. उज्ज्वलाने झाकण उघडलं. रस्सा पांढुरका, थंडगार! तर्रीचा पत्ता नाही.

"अरे, तेल कुठाय?" तिने चमच्याने ढवळून पाहिलं.

प्रशांत खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"तेल बंद. डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय."

उज्ज्वलाने तो रस्सा गारच प्यायला. शेवटच्या थेंबापर्यंत.