बारा वाजून दहा मिनिटं

राजाच्या दप्तरात बत्तीस वर्षं शिक्का मारला, म्हणून गल्लीत त्यांचं नावच पडलं, शिक्केवाले. माणूस सरळ, पण नियमाचा इतका पक्का की सख्ख्या बापालाही रांगेत उभं केलं असतं. बायको म्हणायची, "हे स्वर्गाच्या दारातसुद्धा आधी तारीख तपासतील!"

राजाचं राज्य संपायचं ठरलं ते दुपारी बाराला. बाराच्या ठोक्याला शिक्का पेटीत, पेटीला कुलूप, पुढचं सगळं लोकांच्या सरकारचं. त्या सकाळी राजाने शेवटच्या सह्या केल्या. त्यात सुटकेचा एक हुकूम होता, शिक्केवाल्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा. "राजा नको" असं भर चौकात ओरडला, म्हणून बिचारा तीन वर्षं तुरुंगात खोकत पडला होता.

हुकूम घेऊन बहीण धापा टाकत खिडकीशी आली, तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कुलूप लागलेलं, किल्ली अजून यांच्याच खिशात.

"दादा, मार ना रे. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना! अगं, संपलेल्या राज्याचा शिक्का म्हणजे खोटा कागद. आणि रडतेस कशाला? आता त्याच्याच माणसांचं राज्य आलं. उद्या वाजतगाजत घरी आणतील त्याला."

मनापासून वाटलं होतं हो त्यांना तसं! पण नव्या सरकारात जो तो खुर्ची पकडण्यात गुंग. कैदी सोडायचा अधिकार कुणाचा, हे ठरायलाच पाच महिने गेले. मेहुणा चौथ्याच महिन्यात गेला. ज्या राज्यासाठी घसा फोडला, त्याच राज्याच्या तुरुंगात.

बहिणीने एका शब्दाने बोल लावला नाही. येणं-जाणं तसंच, हे आजारी पडले तर औषध घेऊन धावत येणंही तसंच. "चार शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो गं," असं शिक्केवाले बायकोला कितीदा म्हणाले असतील.

अकरा वर्षांनी राजवाड्याचं संग्रहालय झालं. बहीण म्हणाली, "चल दादा, बघून येऊ." आत टेबलावर तोच पितळी शिक्का, शेजारी कोरे कागद. कुणीही यावं, ठसा उमटवावा, आठवण म्हणून घरी न्यावा. लोक हसत-खिदळत मारत होते.

बहीण रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला. तिने शिक्का शाईवर टेकवला, कागदावर दाबला, उचलला.

"एवढाच वेळ लागतो, दादा?"

शिक्केवाल्यांना तिच्याकडे बघवेना.

"हो गं," ते म्हणाले. "एवढाच."