दगडाबाईची राखण

हिवरदऱ्याचा डोंगर बघायला आता बाहेरून माणसं येतात. जीपमधून उतरतात, चरांचे फोटो घेतात, गुडघ्याएवढ्या गवतातून हात फिरवतात आणि शेवटी ठरलेला प्रश्न विचारतात, की इतका उघडाबोडका डोंगर एवढ्या थोड्या वर्षांत झाकला कसा? समितीचे लोक श्रमदान, लोकसहभाग, गावाची एकी वगैरे सांगतात. ते खोटं नाही. चर गावानेच खोदले. पण गवत राखलं ते एका बाईने, आणि डोंगराच्या मायेपोटी नव्हे. दगडाबाई झिमलला एका माणसाला बिरोबाच्या पायरीवर बोडक्या डोक्याने उभा राहिलेला बघायचा होता.

हिवरदरा माण तालुक्याच्या टोकाला आहे. डोंगराची अलीकडची उतरण साताऱ्यात, पलीकडची सांगलीत, आटपाडीकडे. गावात दोन प्रकारची घरं. एक विहीर आणि डाळिंब असलेली, वर्षभर गावात राहणारी. दुसरी मेंढरांमागची. दिवाळी झाली की ही घरं बिऱ्हाड घोड्यावर टाकून कृष्णाकाठाला जातात. कराड-उंब्रजच्या बाजूला शेतकऱ्यांच्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि ज्येष्ठात परत यायचं. दगडाबाई आणि तिचा नवरा बिरदेव या दुसऱ्या प्रकारातले.

काही वर्षांपूर्वी माघात ग्रामसभा झाली. डोंगरावर पाच वर्षं चराई बंद, कुऱ्हाड बंद. गवत कापून न्यायचं, तेही कार्तिकात, जनावर मात्र वर घालायचं नाही. पाणलोट समितीचा अध्यक्ष आकाराम दडस याने सगळ्यांना बिरोबाच्या देवळात नेऊन शपथेचा भंडारा उचलायला लावला. ठराव चांगलाच होता, हे आज दगडाबाईसुद्धा नाकारत नाही. फक्त तो झाला तेव्हा डोंगरावर जगणारी निम्मी माणसं उंब्रजच्या शिवारात होती. निरोप कुणी दिला नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने दिला असेल.

ज्येष्ठात बिरदेव परत आला आणि बापजाद्यांच्या वाटेने साठ मेंढरं डोंगरावर घेऊन गेला. दुपारी समितीची पाच माणसं आली. मेंढरं कोंडवाड्यात गेली. कोंडवाडा म्हणजे चार दगडी भिंती. वर छप्पर नाही, आत पाणी नाही. दोन दिवसांत नऊ कोकरं गेली. दगडाबाई भिंतीबाहेरून घागर घेऊन हाका मारत राहिली, किल्ली आकारामच्या कनवटीला होती.

कागदावर दंड पाचशे रुपये होता. तो बिरदेवने भरला. पण आकारामचं तेवढ्याने भागलं नाही.

"बिरदेवा, पैशानं मानूस शिकत न्हाई," तो म्हणाला. "पटका काढून पायरीवर ठेव. सकाळच्या दुधापासनं सांजच्या दुधापातूर हितं हुबा ऱ्हा. परत विसरायचा न्हाईस."

डेअरी देवळासमोरच आहे. दोन्ही वेळेला सगळं गाव तिथे कॅन घेऊन येतं. बिरदेव दिवसभर उभा राहिला. त्या दिवसापासून त्याने डोक्याला पटका बांधला नाही. महिन्याभरात मेंढरं लोणंदच्या बाजारात नेऊन विकली आणि लोकांच्या कांद्यात मजुरीला जाऊ लागला. जाताना देवळापुढची सडक टाळून ओढ्याच्या वाटेने जायचा.

दसऱ्याला समितीला डोंगरासाठी राखणदार हवा होता. महिना चार हजार, आणि गावभराच्या शिव्या. कुणी तयार होईना. दगडाबाई स्वतःहून समितीपुढे जाऊन उभी राहिली.

आकाराम हसला. "वैनी, मांजराला दुधाची राखन द्यायची व्हय?"

"आवं दादा," ती म्हणाली, "शिंकं कुठं टांगलंय ह्ये मांजराइतकं कुनाला ठावं आसतंय?"

बैठकीत हशा पिकला. आकारामलाही उत्तर आवडलं. डोंगराच्या साऱ्या चोरवाटा तिला माहीत होत्या, हेही खरंच होतं. त्याने तिला काम दिलं. कोंडवाड्याची किल्लीही दिली. त्याच्या हातून झालेली चूक हीच. धनगराच्या बाईचं मेंढरू गेलं की तिचं सगळं गेलं, आता ती सरळ होईल, असा त्याचा हिशेब होता. तो स्वतः धनगर असून त्याने हा हिशेब केला.

पहिल्याच महिन्यात दगडाबाईने सख्ख्या भावाच्या शेळ्या धरल्या. भाऊ रंगात येऊन म्हणाला, "दगडे, आगं आपल्याच की ह्या!" तिने दंडाची पावती फाडली. मग नणंदेची गाय. मग खुद्द समितीतल्या कोंडीबाचं खोंड. नणंद वर्षभर बोलली नाही. भावाने भाऊबीजेला बोलावलं नाही. तिने सगळं सोसलं, कारण तिला एकच गोष्ट पक्की करायची होती. आकाराम सापडेल त्या दिवशी, 'तू अमक्याला सोडलंस' असं म्हणायला गावात एक तोंड उरता कामा नये.

कोंडवाड्यात मात्र तिने पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी केल्या. कोपऱ्यात पत्र्याचं छप्पर आणि पाण्याची एक दगडी डोण, कायम भरलेली. धरलेलं जनावर पाणी प्यायल्याशिवाय ती घरी जात नसे.

दीड वर्ष गेलं. डोंगरावर चरांच्या काठाने समितीने टाकलेली स्टायलो, चाऱ्याची वनस्पती, रुजली, तिच्यामागून पवना गवत आलं. खालच्या विहिरींचं पाणी फाल्गुन ओलांडून चैत्रात जाऊ लागलं. दगडाबाईला याचं कौतुक नव्हतं असं नाही. पण ती गवताकडे आमिष म्हणून बघत होती. जितकं दाट, तितकं बरं.

आकारामकडे एक माडग्याळी मेंढा होता. पोपटाच्या चोचीसारखं नाक, लांब कान, घोड्यासारखी चाल. नाव फौजदार. आकारामची माया होती ती त्याच्यावर. त्याच्या गळ्यात पितळी घुंगरमाळ असायची आणि रोज सकाळी आकाराम त्याला हौदावर न्यायचा, तेव्हा अर्ध्या गावाला कळायचं. चैत्रातल्या जत्रेत यंदा नंबर काढायचाच, असं तो डेअरीवर सांगत असे.

बंदीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, मागचा पाऊस अपुरा झालेला असताना, ती माळ वाजायची थांबली.

पहिले दोन दिवस दगडाबाईने मनावर घेतलं नाही. पाचव्या दिवशी तिने डेअरीवर अजीम मुलाण्याला विचारलं. अजीम दूध मोजतो. गावात कुणाच्या गोठ्यात काय चाललंय हे त्याला डॉक्टरच्या आधी कळतं.

"आकारामदादाचा मेंढा आजारी हाय का रं?"

"हुता," अजीम म्हणाला. "चारा टाकला हुता त्यानं. कडबा हुंगायचा अन् तोंड फिरवायचा. दादा तर रडायच्या बेतात. आता म्हनं लय झ्याक खातोय."

"काय खातोय?"

"ते काय मला मेंढ्यानं सांगितलं न्हाई, मावशी."

शिवारात कडब्याशिवाय चारा नव्हता. दगडाबाई घरी जाताना वाट वाकडी करून आकारामच्या गोठ्यामागून गेली. तिने खाली बघितलं. कडबा खाणाऱ्या मेंढराच्या लेंड्या बारीक, कोरड्या, सुट्या पडतात. या काळ्या, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या होत्या. तिने एक काडीने फोडली. आत हिरवं होतं.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती डोंगरमाथ्याखाली सीताफळीच्या जाळीत जाऊन बसली. त्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आकाराम आला. पलीकडच्या, सांगलीच्या बाजूने वळसा घालून, घुंगरमाळ काढून कोटाच्या खिशात घातलेली. मेंढा कुणाच्या हाती द्यायचा त्याला धीर नव्हता, म्हणून तो स्वतःच आला होता. मेंढा माथ्यावरून अलीकडे उतरला. पहिला चर, दुसरा चर. दगडाबाई जाळीतच बसून राहिली. चौथ्या चराच्या खाली मेंढ्याने स्टायलोत तोंड घातलं, तेव्हा ती उठली.

"राम राम, दादा."

आकाराम दचकला. मग सावरून म्हणाला, "पलीकडनं चुकून आला गं हिकडं. ती हद्द सांगलीची हाय, आपला ठराव तिकडं लागू न्हाई."

"म्हनून तर चौथ्या चराखाली येईस्तोवर गप बसले मी."

तिने कमरेची दोरी सोडली, मेंढ्याच्या मानेत घातली आणि जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. मेंढा मुकाट तिच्यामागे चालू लागला. आकाराम दोन हात अंतर ठेवून सोबत उतरत होता. दोरीला हात घालायची सोय नव्हती. बाईमाणसाशी झटापट झाली असती तर गावाने वेगळाच अर्थ काढला असता.

"वैनी, सोड. झालं गेलं इसर. बिरदेव माझा बाळमित्र हाय."

"माळ घाला की त्येच्या गळ्यात. उगं मुका चाललाय."

सकाळच्या दुधाच्या वेळेला ते डेअरीपुढे पोचले. रांगेसमोरून मेंढा कोंडवाड्यात गेला. अजीमने माप तसंच हातात धरलं.

समिती त्याच दुपारी बसली. आकारामने पाचशेची नोट टेबलावर ठेवली. वयाने थोरला कोंडीबा घसा खाकरून म्हणाला, "दंड भरला त्येनं. दगडे, किल्ली दे आन् मिटव. कागदावर दंडाबिगर काय न्हाई."

"कागदावर तवाबी तेवढंच हुतं, कोंडीबाआबा."

कोंडीबाने स्वतः खोंडाचा दंड दिला होता. दगडाबाईला 'मेंढा सोड' म्हणायचं तोंड त्याच्यापाशी उरलं नव्हतं, तिने तशीच तजवीज केली होती.

"पटका," ती म्हणाली. "सकाळच्या दुधापासनं सांजच्या दुधापातूर. मग मेंढा."

आकाराम उठून गेला. तीन दिवस तो आला नाही. पोलिसात जाईन म्हणाला. पण चौकीत जाऊन सांगणार काय, की मीच केलेल्या बंदीत माझाच मेंढा धरला? या तीन दिवसांत दगडाबाईने फौजदारला पत्र्याखाली बांधून चांगला सांभाळला. वैरण दिली, अंग पुसलं, गोचीड काढले. अजीम म्हणाला, "मावशी, सूड घेतीयास का पाहुनचार करतीयास?"

"जनावराशी माझं भांडान न्हाई."

जत्रा दोन दिवसांवर आली होती.

तिसऱ्या रात्री जेवताना तिने बिरदेवला सांगितलं, "उद्या चला संगं. त्यो येनार."

बिरदेव भाकरी मोडत होता. "मला न्हाई बघायचं."

"तुमच्यासाठनं एवढं केलं मी."

"माझ्या नावावर टाकू नगंस. मी सांगितलं न्हवतं. त्यो हुबा ऱ्हायला तर माझा दिस माघारी येतोय व्हय?"

ती ताट सारून म्हणाली, "बरं. तुमचं नाव घेत न्हाई. मेलेली नऊ कोकरं वढ्यात मी टाकली, माझ्या हातानं. माझंबी त्यात हाय."

सकाळी आकाराम आला. पटका काढून पायरीवर ठेवला. डोक्यावर मधोमध टक्कल होतं. गावाने ते कधी पाहिलं नव्हतं. लोक कॅन घेऊन आले, गेले. काहीजण माना खाली घालून गेले, काहीजण मुद्दाम हळू चालले. दगडाबाई समोर डेअरीच्या ओट्यावर बसली ती उठली नाही. जेवायला नाही, पाण्याला नाही. दुपारी ऊन पायरीवर आलं तेव्हा कोंडीबाची सून तांब्या घेऊन निघाली. दगडाबाईने तिला अडवलं नाही, पण आकाराम पाणी पीत होता तेव्हाही नजर काढली नाही. बिरदेव ओढ्याच्या वाटेने कांद्याला गेला होता आणि त्याच वाटेने परत आला.

सांजेचं दूध संपलं. आकारामने पटका उचलला, बांधला नाही, काखेत मारला. तिच्यापुढे येऊन थांबला.

"झालं समाधान?"

"न्हाई," दगडाबाई म्हणाली, आणि ते खरं होतं. बघायचं होतं ते तिने सगळं बघितलं होतं आणि पोटात जिथे दुखत होतं तिथेच दुखत होतं. तिने किल्ली काढून त्याच्या हातात दिली.

गाव म्हणत होतं, आता ही राखण सोडील. तिने ज्येष्ठापर्यंत वाट बघितली. मेंढरांची बिऱ्हाडं कृष्णाकाठाहून परतली, घोडी उतरली, तेव्हा तिने ग्रामसभा मागितली. चावडीपुढे पहिल्यांदाच घोंगडीवाले शे-दीडशे बाप्ये-बाया बसले होते. तिचं मागणं एका वाक्याचं होतं: डोंगराबद्दलची कुठलीही सभा यापुढे दिवाळी ते ज्येष्ठ या काळात भरायची नाही, आणि समितीत निम्मी माणसं मेंढरांमागची घ्यायची.

"मांडनार कोन?" कोंडीबाने विचारलं.

"अध्यक्ष मांडत्याल," ती म्हणाली.

आकाराम बसल्या जागी हलला नाही. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. अखेर तो उठला आणि ठराव जसाच्या तसा, एक शब्द न गाळता, मांडला. हात वर झाले. विरोधात एकही नव्हता. भंडारा पुन्हा उचलला गेला, या खेपेला सगळ्यांनी.

सभा उठताना आकाराम तिला गाठून हळू आवाजात म्हणाला, "ठराव दिला तुला. आता तरी माझी पाठ सोडशील का न्हाई, वैनी?"

दगडाबाईने काठी उचलली.

"बंदीचं अजून दोन उन्हाळं हायत, दादा," ती म्हणाली. "आन् तुमच्या गोठ्यात दोन म्हशीबी हायत. बांधून घाला म्हंजे झालं."

आणि ती डोंगराच्या वाटेला लागली, कारण चार वाजले होते आणि वरची फेरी राहिली होती.