सव्वा इंच जास्त

निफाडकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेली होते. हे आधीच सांगून टाकते, कारण माणूस गेला की त्याच्यावरचा राग लगेच विरघळतो असं लिहायची पद्धत आहे. माझा विरघळला नव्हता. आदल्या संध्याकाळीच त्यांनी तिसऱ्यांदा फोन करून माझ्या मुलाकडे, रोहनकडे, राहिलेला कॉमिकचा अंक परत मागितला होता. "सिस्टर, तेवढा अंक आणून द्या. त्यातला एक शब्द बदलायचाय." मी म्हटलं, इतकी वर्षं थांबलात, धुकं कमी झालं की आणते, चार दिवसांनी काय बिघडतंय. "बिघडत काही नाही. पण तो शब्द मला टोचतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. सकाळी त्यांच्या घरमालकांच्या सुनेचा फोन आला. "आंटी जी, अंकल जी आज उठे ही नहीं..." मी सोळा सेक्टरच्या इस्पितळात पस्तीस वर्षं सिस्टर होते. अशी वाक्यं मी लोकांना सांगत आले, ऐकायची मात्र सवय नव्हती. अंक माझ्या जेवणाच्या टेबलावरच पडला होता.

निफाडकर मूळचे नाशिक जिल्ह्यातले. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात ड्राफ्ट्समन म्हणून बदलीवर चंडीगढला आले. आपल्या मराठी लोकांतले बहुतेक जण इथे तीन-चार वर्षं काढतात, ट्रंका भरतात आणि पुढच्या गावी जातात. ते राहिले. लग्न केलं नाही. बावीस सेक्टरात एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली घेतली आणि निवृत्तीनंतरही सोडली नाही. त्या खोलीत एक खाट, एक तिरकं ड्रॉइंग टेबल आणि शंभरावर कॉमिक्स होती. कॉमिक्स म्हणजे खिशात कोंबायची नव्हेत. मासिकाएवढी, रुंद, हातात धरली की दोन्ही कोपर बाजूला सरकवावे लागतील अशी. ती उभी ठेवायची नाहीत, आडवी ठेवायची, हा त्यांचा दंडक. उभी ठेवली की कणा वाकतो म्हणत. स्वतःच्या पाठीकडे मात्र त्यांनी कधी पाहिलं नाही.

आमची ओळख झाली ती रोहनच्या पायामुळे. तो आठ वर्षांचा असताना सायकलवरून पडला आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घालून दीड महिना पडून होता. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत निफाडकरांशी तोंडओळख झालेली, तेवढ्या बळावर हे गृहस्थ एका रविवारी काखेत भलामोठा अंक घेऊन दारात उभे. मला वाटलं, काहीतरी विकायला आलेत. त्यांनी तो अंक रोहनच्या प्लास्टरवर उघडून ठेवला. नदीच्या पुराची गोष्ट होती. मधल्या दोन पानांवर मिळून एकच चित्र, अख्खं गाव पाण्यात आणि छपराछपरावर माणसं. रोहन बराच वेळ नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "मम्मी, इसमें तो मराठी में लिखा है।"

छापील अंक हिंदी होता. निफाडकरांनी प्रत्येक बोलण्याच्या फुग्याच्या मापाचा पांढरा कागद कापून, त्यावर ड्रॉइंगच्या पेनाने मराठी संवाद लिहून, कणकेच्या खळीने तो वर चिकटवला होता. इतका बेमालूम, की बोट फिरवलं तरच कडा लागायची. आमच्या मुलांना घरची मराठी समजायची, पण उत्तर हिंदीत यायचं. वाचायचं म्हटलं की पोरं पळायची. इथे लिपी शाळेतल्या हिंदीचीच, चित्र समोर, आणि नावाडी बोलतोय तो आजोळच्या माणसासारखा. "पोरी, पाणी चढतंय, लुगडं आवर आणि बस." रोहनने ते वाक्य तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा मोठ्याने. मी स्वयंपाकघरात होते. माझ्या हातातली पोळी करपली हे मला चांगलं आठवतं.

मी त्यांना विचारलं होतं, की हेच लहान पुस्तकांत का करत नाही, ती स्वस्तात मिळतात. त्यांनी मला खुर्चीत बसवून समजावलं, जणू मी पहिलीतली मुलगी. लहान पुस्तकात फुगा नखाएवढा, त्यात मराठी वाक्य लिहायचं तर माणसाला मुकं करावं लागतं. आणि दुसरं म्हणजे मोठं पान दोघांना पुरतं. त्यांच्या खोलीवर रविवारी दहा वाजता मुलं जमायची. कुणी चंडीमंदिरच्या छावणीतून वडिलांच्या जीपने आलेलं, कुणी जवळच्या सरकारी क्वार्टर्समधलं. नियम एकच. कुणी एकट्याने वाचायचं नाही. एका अंकाला दोन मुलं, डावी बाजू एकाच्या मांडीवर, उजवी दुसऱ्याच्या, आणि पान उलटायचं ते दोघांचं वाचून झाल्यावर. हळू वाचणाऱ्याला घाई करायची नाही, थांबायचं. रोहन त्या खोलीत थांबायला शिकला. मला आणि शाळेला मिळून जे जमलं नव्हतं ते.

ही मोठी कॉमिक्स संपली, ती आपोआप संपली असं लोक म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. आपोआप काही संपत नाही, कुणीतरी ते संपवतं. आधी बसस्टँडजवळच्या स्टॉलवर ती दोरीला टांगलेली असत. मग तीच गोष्ट, तीच चित्रं, निम्म्या आकारात छापून येऊ लागली. चित्रं नव्याने काढायची तसदीही कुणी घेतली नव्हती, नुसती चेपली होती. पुरातली छपरं काडेपेटीएवढी झाली आणि अक्षरं वाचायला माझा चष्मा लागू लागला. निफाडकरांनी प्रकाशकाला हिंदीतून पत्र लिहिलं, मग इंग्रजीतून. एकदा उत्तर आलं, वाचकांच्या सोयीसाठी आकार बदलला आहे. ते पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. "कुठल्या वाचकाच्या? खिशाची सोय बघितली यांनी. मुलांच्या मांडीची कोण बघणार?" त्यानंतर कधीतरी स्टॉलवर चार्जर आणि मोबाइलची कव्हरं टांगलेली दिसायला लागली.

मंडळात हा विषय निघाला की आमचे सचिव म्हणायचे, "निफाडकर, आता सगळं मोबाइलवर मिळतं, यार. कशाला ती रद्दी सांभाळता?" सचिव मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, स्वभावाने भले, पण प्रत्येक गोष्टीचा ठराव करण्याची खोड जडलेले. निफाडकर चिडले की हळू बोलत. ते म्हणाले, "मोबाइलवर एका वेळी एक चौकट दिसते, साहेब. पुढच्या चौकटीत वाघ बसलाय हे डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसल्याशिवाय या चौकटीत भीती कशी वाटणार?" सचिव हसले. मीसुद्धा हसले होते, हे लिहायला हवं.

त्यांच्याकडे नोंदवही नव्हती. मुलं अंक घरी न्यायची आणि बदली झाली की तो त्यांच्या ट्रंकेतून आसामला किंवा जोधपूरला जायचा. मी त्यांना रागवायची, की लिहून का ठेवत नाही, कुठे गेला तो जहाजाचा अंक? ते शांतपणे म्हणायचे, "वाचनात आहे." अकरा वर्षांपूर्वी गेलेल्या अंकाबद्दलही तेच उत्तर. हरवला, बुडाला, चोरला, असं कुठलंच क्रियापद त्यांनी कधी वापरलं नाही.

आता पुढचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले आहे. तेराव्यानंतर त्यांचा पुतण्या नाशिकहून आला, खोली रिकामी केली आणि सगळी कॉमिक्स हात जोडून मंडळाला दिली. मंडळाने त्यांच्या नावाचं कपाट करायचं ठरवलं. काचेच्या दारांचं लोखंडी कपाट आलंसुद्धा. सचिवांनी मला सांगितलं, "सिस्टर, तुमचा हात मापाला पक्का, जरा मोजून बघा." मी शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गेले. दोन फळ्यांमधलं अंतर दहा इंच, उभा अंक सव्वाअकरा. मी चिठ्ठीवर लिहिलं, "उंची सव्वा इंच जास्त," आणि ती सचिवांच्या हातात दिली. बैठकीत ठराव आला, की सर्व अंक एकसमान आकारात बांधून घ्यावेत. बांधून म्हणजे जपून, असं मला वाटलं. मी हात वर केला. सगळ्यांनीच केला. आयुष्यभर सरकारी नोकऱ्या केलेली माणसं आम्ही, ठराव नीट मांडलेला असला की आमचे हात आपसूक वर जातात.

फाल्गुनात कार्यक्रम झाला. लाल रेक्झिनचे बारा खंड, पाठीवर सोनेरी अक्षरांत कैलासवासी निफाडकर. भाषणं झाली, समोसे झाले. मी पुढे होऊन पहिला खंड काढला आणि उघडला... पानाच्या वरच्या ओळीतल्या माणसांना कपाळ नव्हतं. फुगे नेहमी चौकटीच्या वरच्या अंगाला असतात. वरून सव्वा इंच गेला तो नेमका त्यातून. कुठे फुग्याचं फक्त शेपूट उरलेलं, कुठे संवादाची खालची अर्धी ओळ. वरच्या ओळीत कुणीच पूर्ण बोलत नव्हतं. मी एक खंड पाहिला, दुसरा पाहिला, चौथाही तसाच. पलंग आखूड पडला म्हणून कुणी पेशंटचे पाय कापत नाही. इस्पितळात हे नव्या मुलीलाही कळतं. इथे आम्ही पंचवीस शहाणी माणसं हात वर करून बसलो होतो.

खंड परत ठेवताना माझा हात रागाने वरच्या फळीला लागला, आणि फळी उचलली गेली. मी वाकून पाहिलं. चार आकड्यांवर नुसती टेकवलेली होती, आणि कपाटाच्या आतल्या बाजूंना खालपासून वरपर्यंत भोकांची रांग. मी ती फळी काढली, आकडे एक भोक वर लावले आणि पुन्हा बसवली. दोन मिनिटं लागली नाहीत. टेप माझ्या पर्समध्येच होती. साडेअकरा इंच.

सचिव बशी हातात धरून बघत होते. "अहो, ही हलते?" ते म्हणाले.

मी त्यांना जे बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. ते अगदी लहान आवाजात म्हणाले, "सिस्टर, मोजलं तुम्ही होतं." खरं होतं. मी मोजलं, फळीला हात लावून पाहिला नाही. निफाडकर असते तर त्यांनी आधी फळी हलवून पाहिली असती. मला त्या दिवसापासून नीट झोप नाही, आणि ती लागावी असंही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाइंडरकडे गेले. बावीस सेक्टरातच, निफाडकरांच्या खोलीपासून चार दुकानं पुढे. त्याने ड्रॉवरमधून माझीच चिठ्ठी काढून दाखवली. सचिवांनी ती माहितीसाठी दिली होती, आणि त्याने शेजारी पेन्सिलीने बाण काढून 'ऊपर से' लिहिलं होतं. "आंटी जी, मुझे तो अजीब लगा था। पर आपके लोगों ने लिख के भेजा था, मैं क्या बोलता।" कापलेल्या पट्ट्या कुठे आहेत विचारलं. त्या दर शनिवारी जातात, म्हणाला. मशीनखाली वाकून त्याने शोधलं, एक पट्टी निघाली. तिच्यावर काळ्या शाईत एवढंच होतं, "थांब रे, तिला." पुढचं खाली राहिलं, कुठल्याशा लाल खंडात. बारा खंड मी धुंडाळले, जोड सापडला नाही.

आता इथे अख्खा असा एकच अंक उरलाय. मी आणून दिला नाही म्हणून. त्यांनी तीनदा मागितला, मी धुक्याचं निमित्त केलं, आणि त्या आळसामुळे तो वाचला. याचा आनंद कसा मानायचा ते मला कळत नाही. त्यांना तो हवा होता. टोचणारा शब्द तसाच ठेवून ते गेले. मी तो अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कितीदा वाचला, बोट फिरवून प्रत्येक कागदाची कड तपासली, कुठला शब्द असेल म्हणून. मला एकही बदलावासा वाटत नाही. गेल्या रविवारी दहाला बेंगळुरूहून रोहनचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याला पानं दाखवत होते. त्याच्या स्क्रीनवर एका वेळी जेमतेम दोन चौकटी मावत होत्या. "मम्मी, पूरा पेज दिखाओ ना," तो म्हणाला. मी खुर्चीवर चढून फोन वर धरला, पुराचं चित्र सगळं दिसेपर्यंत. मग तो एकेक फुगा मोठ्याने वाचू लागला, अडखळत, मराठीत. मी वाकून पान उलटायला हात घातला तर म्हणाला, "थांब. माझं व्हायचंय."

काल सचिवांचा निरोप आला. तेराव्या खंडाचा प्रस्ताव आहे, संच पूर्ण करण्यासाठी आपल्याकडील अंक मंडळात जमा करावा. आता कापणार नाहीत, फळी वर केलेली आहे, असंही खाली लिहिलंय. अंक जेवणाच्या टेबलावर आडवा पडलाय. ताट मी त्याच्या कडेने मांडते. मी सचिवांना उलट कळवलं, दोनच शब्दांत. वाचनात आहे.