खिडकीताईंची एकवीस मिनिटं

खिडकीताईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखात होतं. रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसल्यावर माणसाला दुसरं नाव कोण देणार? तर या खिडकीताईंनी बावन्नाव्या वर्षी रुग्णालय व्यवस्थापनाच्या पदवीला प्रवेश घेतला. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या आणि पोरं खडबडून उभी राहिली. ताई ‘बसा बसा’ म्हणत शेवटच्या बाकावर जाऊन टेकल्या, तेव्हा आपण फुकट उठलो याचं पोरांना फार वाईट वाटलं.

रुग्णालयात नवा मदतकक्ष निघणार होता आणि त्याच्या प्रमुखाला ही पदवी हवी, असा नियम होता. ताईंना ती जागा हवी होती. “इतकी वर्षं लोकांना ‘पलीकडे विचारा’ सांगतेय,” त्या म्हणायच्या, “पलीकडे कुणीतरी असायला नको?”

संख्याशास्त्राने त्यांना दोनदा रडवलं, पण पोरांनी ‘मावशी, सोप्पंय हो’ म्हणत तारून नेलं. राहता राहिला तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प: केसपेपर काढल्यापासून डॉक्टरांच्या दारात पोचेपर्यंत रुग्णाला किती वेळ लागतो? ताईंनी आठवडाभर रजा काढली, कोपऱ्यात खुर्ची टाकली, घड्याळ लावलं. सरासरी आली सव्वीस मिनिटं.

सर त्यांच्या मुलापेक्षा लहान. ते आकडे बघून म्हणाले, “ताई, छान आहे. म्हणजे संशय यावा इतकं छान आहे. तुम्ही नुसत्या बसूनच होतात ना?”

“बसूनच होते. एक आजोबा तेवढे गुडघा दाखवायला डोळ्यांच्या रांगेत उभे होते, म्हणून जरा उठले.”

“एकदाच?”

ताईंनी वहीचं मागचं पान काढलं. खोटेपणा नको म्हणून त्यांनी प्रत्येक उठणं लिहून ठेवलं होतं. एकशे बारा वेळा.

सरांनी कपाळाला हात लावला. “अहो ताई, तुम्ही रांग मोजली नाहीत, रांग चालवलीत! पुन्हा मोजावं लागेल.”

तोंडी परीक्षेला बारा दिवस उरले होते आणि रजा संपली होती. हुकलं तर वर्ष जाणार, आणि तोवर मदतकक्षात दुसरंच कुणीतरी बसणार. ताईंनी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा यजमान शर्टाला काज करत होते. पेशाने शिंपी. ते शांतपणे म्हणाले, “मी बसतो. दुकान आठवडाभर बंद.”

“उठायचं नाही हं अजिबात.”

“मी कधी उठलोय?”

हे मात्र खरं होतं. शेजारी दूध उतू गेलं तरी ‘अगं, उतू जातंय’ एवढं सांगण्यापलीकडे या गृहस्थांची मजल कधी गेली नव्हती. ताई खिडकीमागे कामाला बसल्या आणि हे कोपऱ्यात, मापाची वही मांडीवर घेऊन.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी चहाला हात लावला नाही. “एक बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन पाऊण तास भलत्याच रांगेत उभी होती गं. आणि मी लिहीत बसलो. असलं काम मला पुन्हा सांगू नकोस.”

“नका जाऊ उद्या. मी बघते काय ते.”

“जाणार. अर्धवट सोडलं तर तिचं उभं राहणंसुद्धा वाया जाईल.”

सहा दिवसांची सरासरी आली सत्तेचाळीस.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चष्म्यावरून बघणाऱ्यांतल्या होत्या. “तीच जागा, तेच डॉक्टर, तेवढीच गर्दी. एकदा सव्वीस, एकदा सत्तेचाळीस. एकवीस मिनिटांचा फरक कशामुळे?”

सरांनी घोटून घेतलेलं उत्तर ताईंच्या डोक्यातून साफ उडालं. “पहिल्यांदा मी होते, मॅडम. दुसऱ्यांदा हे होते.”

“हे कोण?”

“आमचे… घरचे. ते बसून राहतात.”

परीक्षक बाईंना हसू आवरेना. त्यांनी एकशे बारा नोंदी चाळायला घेतल्या आणि चाळता चाळता हसू कुठल्या कुठे गेलं. चुकीची रांग. पाटी वाचता येत नाही. जुना कागद घरी राहिला. विचारायची भीती.

“म्हणजे ही एकवीस मिनिटं तुमची?”

“जो उठेल त्याची, मॅडम. मीच पाहिजे असं नाही.”

“तुमच्याकडे मदतकक्ष निघतोय म्हणे. तो तुमच्या हाती दिला तर काय मागाल?”

“टेबल एक पुरे. माणसं दोन द्या, टेबलाशी न बसणारी.”

“हे अहवालात का नाही?”

“आपलं मत घालायचं नसतं, असं सर म्हणाले होते.”

कोपऱ्यात उभे असलेले सर आपल्या बुटांकडे बघू लागले. परीक्षक बाईंनी अहवाल उलटा फिरवून ताईंपुढे सरकवला. “पास तर तुम्ही आहातच. पण शेवटचं पान कोरं आहे, तेवढं लिहा. मी थांबते.”

“बाहेर पोरं खोळंबलीत, मॅडम. त्यांना निदान बसायला सांगून येऊ का?” असं म्हणून ताई उठल्यासुद्धा.